छेद म्हणजे लहान आकडा, असं का?

फझी संच, म्हणजे ज्यात एखादी गोष्ट किती बसते हे ० ते १ मधल्या आकड्याने, 'सदस्यत्वा'ने, सांगतात ते संच, शिकायला घेतले की सुरुवातीलाच हुकूम सुटतो: छेद (दोन्ही संचांत असणं) हवा तर दोन सदस्यत्वांतला लहान आकडा घ्या, संयोगाला (निदान एकात असणं) मोठा. लोत्फी झादे यांच्या १९६५ च्या लेखापासून हे चालत आलंय. मी संभाव्यतेकडून आलेला, त्यामुळे माझा हात आपसूक गुणाकाराकडे जायचा आणि हा नियम उपराच वाटायचा.

मग सदस्यत्वाकडे मतदानासारखं बघायला लागलो. एखादा माणूस 'उंच' ०.७ आणि 'सडपातळ' ०.६ आहे, म्हणजे समजा शंभरातले सत्तर जण त्याला उंच म्हणतात, साठ जण सडपातळ. दोन्ही म्हणणारे किती? एवढ्यावरून कळणारच नाही! जो उंचीला कडक तोच सडपातळपणालाही कडक असेल, तर ते साठ जण सत्तरांच्या पोटात बसतात: ०.६. झादेंचा लहान आकडा तो हाच. मतांचा एकमेकांशी संबंधच नसेल तर गुणाकार, ०.४२. एकीकडे कडक तो दुसरीकडे सैल, असा उफराटा मामला असेल तर ०.३, बेरजेतून एक वजा, म्हणजे तर्कशास्त्रज्ञ वुकाशेविच यांच्या नावाचा छेद. (उणे आलं तर शून्य धरायचं.) ०.३ ते ०.६ च्या बाहेर उत्तर जाऊच शकत नाही. संभाव्यतेत या मर्यादांना फ्रेशे आणि हॉफडिंग यांची नावं आहेत.

संयोग अनुक्रमे ०.७, ०.८८ आणि १. छेदात मिळवून बघा, दरवेळी १.३.

थोडक्यात, छेदाचं सूत्र निवडलं की परस्परावलंबन गृहीत धरून झालेलं असतं. संभाव्यतेत ते उघडपणे मांडावं लागतं, कोप्युला, म्हणजे दोन चलांचं अवलंबन मांडणारं फलन, त्यासाठीच आहे. फझीत ते गुपचूप आत शिरतं.

आणि खरी गोची पुढेच आहे. 'उंच' ०.५ घ्या, म्हणजे 'उंच नाही'सुद्धा ०.५. 'उंच आणि उंच नाही' असं एकाच वेळी म्हणणारा कुणीच नसणार, उत्तर शून्य हवं. वुकाशेविच शून्य देतात, झादे ०.५. आता 'उंच आणि उंच' विचारा. उत्तर उघड ०.५; झादे बरोबर, वुकाशेविच मात्र पुन्हा शून्यावर. गुणाकार दोन्हीकडे ०.२५ देऊन दोन्हीकडे नापास. सूत्राच्या हाती दोनच आकडे, ०.५ आणि ०.५. प्रश्न बदललाय हे त्याला कळणार कुठून?

म्हणून हल्ली कुणी फझी नियमांची यादी दाखवली की मी आधी विचारतो, दोन्ही सदस्यत्वं एकाच मोजमापातून आलीत का? तसं असेल तर छेदाचं सूत्र नकोच, त्या मोजमापावरच थेट एक नवा संच आखावा.