सेंट आइव्ह्ज ते झेनॉर, पायी

आज इंग्लंडच्या साउथ वेस्ट कोस्ट पाथवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या लांब पायवाटेवरचा, कॉर्नवॉलमधला सेंट आइव्ह्ज ते झेनॉर टप्पा झाला, अंतर जेमतेम १०-११ किमी पण गुडघे बोलायला लागलेत. सपाट असं नाहीच काही, कड्यावर चढा, ओढ्यापर्यंत उतरा, परत चढा, मध्ये चिखल आणि ग्रॅनाइटचे धोंडे, कुठे कुठे तर हात टेकूनच जावं लागतं. गाइड नाही, ग्रुप नाही, मोठी बॅग टॅक्सीवाला पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवतो, आपण पाणी, रेनकोट आणि नकाशा घेऊन निघायचं, फाट्यावरच्या खांबावर या वाटेची एकॉर्नची (ओकच्या फळाची) खूण दिसली की जीव भांड्यात पडतो. वाट समुद्राला इतकी चिकटून का, तर पूर्वी कोस्टगार्ड स्मगलर्सवर नजर ठेवायला खाडीखाडीत डोकावत इथूनच गस्त घालायचे. किनाऱ्याजवळच्या कॅरॅक्स नावाच्या खडकांवर सील पहुडलेले, एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं, मग आम्ही कितीतरी वेळ हललोच नाही तिथून. झेनॉरच्या चर्चमध्ये जुन्या लाकडी बाकावर कोरलेली जलपरी आहे, हातात आरसा आणि कंगवा, ती बघाच. पूर्ण कोस्ट पाथच्या १,०१४ किमीचं टेन्शन घेऊ नका, एवढा तुकडा सावकाश चाललात तरी खूप आहे. उद्या पेंडीन, वारा जोरात असणारे म्हणतायत.