लहान चार्टर हायस्कूल आणि आमचा निर्णय
मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाईल, आणि तिचे नाव एका लहान चार्टर हायस्कूलच्या सोडतीत निघाल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. अमेरिकेत चार्टर शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. या शाळा सरकारी पैशावर चालतात, फी घेत नाहीत आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. त्यामुळे खर्चाची चिंता नाही.

खरा प्रश्न आकाराचा आहे. शाळा पाहायला गेलो तेव्हा गणिताच्या शिक्षिका प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने हाक मारत होत्या, आणि चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या माझ्या मुलीने तिथे आपणहून दोन प्रश्न विचारले, हे मी विसरू शकत नाही. मात्र तिला व्हायोलिन मनापासून आवडते आणि या शाळेत वाद्यवृंद नाही. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे अभ्यासक्रमही मोजकेच आहेत. शिवाय चार्टरला, म्हणजे शाळा चालवण्याची परवानगी देणाऱ्या कराराला, मुदत असते आणि नूतनीकरण नाकारले गेले तर शाळा बंद होऊ शकते, म्हणून मागच्या नूतनीकरणाची कागदपत्रे मी मागितली आहेत. आमच्या भागातल्या मोठ्या हायस्कूलच्या वाद्यवृंदात बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेतात का, हे सोमवारी विचारणार आहे. घेत असतील तर माझा कल लहान शाळेकडेच राहील. शेवटचा शब्द मात्र तिचा असेल.