तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्स विकून मिररलेस का नाही घेतला?

"का भो, एवढे पैसे टाकलेच होते तर मिररलेस का नाही घेतला? त्या जुन्या लेन्स विकून टाकायच्या ना!"

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा. मी घेतला तो आरशाचा, सेकंडहँड निकॉन डी 7200. तेव्हापासून लोको शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे विचारलं जातं. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या काठावर बदकं टिपायला बसलेली मंडळी विचारतात. भाचा तर "मामा, तुम्ही घेतला तेव्हाच तो जुना होता" असं वर ऐकवतो. विचारणाऱ्याला चहा संपायच्या आत उत्तर हवं असतं आणि माझं उत्तर तेवढ्यात मावत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. पुढच्या वेळी हेच हातात देईन.

आधीचा निकॉन डी 80 का बदलावा लागला हे नव्याने सांगत नाही. अर्ध्या भुसावळला त्याच्या पडद्यावरची ती 'एरर' पाठ आहे. प्रश्न लेन्सचा आहे. माझ्याकडे तीन आहेत. 50 मिलिमीटर एफ 1.8 डी, जी तेव्हा सगळेच घ्यायचे. 80-200 एफ 2.8 डी, वजन सव्वा किलोच्या वर. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा वृत्तपत्रातल्या एका छायाचित्रकाराकडून ती घेतली. त्याच पैशांतून घरात कपाट यायचं होतं, ते पुढे बऱ्याच उशिरा आलं, आणि हे मला अजून ऐकवलं जातं. तिसरी 105 एफ 2.5, फिल्मच्या जमान्यातली, हाताने फोकस करायची. अमळनेरचा एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मिळाली.

आता यातली गोम. पहिल्या दोन लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. मोटर कॅमेऱ्यात असते. माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याच्या, कडेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी बारीक दांडी डोकावते, ती लेन्सच्या खाचेत बसते आणि आतली गिअर फिरवते. खर्र असा आवाज येतो, लग्नात भटजी वळून बघतो. निकॉनच्या स्वस्त बॉड्यांमध्ये, म्हणजे डी 3000 आणि डी 5000 च्या घराण्यात, ही मोटर कधी दिलीच नाही. त्यांच्या झेड नावाच्या मिररलेस बॉड्यांमध्ये नाही आणि जुनी लेन्स झेडला जोडणाऱ्या निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. लेन्स चढते, अॅपर्चर (उजेड आत सोडणारं लहान-मोठं होणारं भोक) चालतं, मीटर (उजेड मोजणारा) चालतो. फोकस मात्र हाताने.

"अडॅप्टर लावून सगळं चालतं" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, तुमच्याकडच्या लेन्स कुठल्या? ज्यांच्याकडे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आहेत त्यांचं बरोबर आहे. माझ्याकडे त्या नाहीत.

हे सगळं मी फार उशिरापर्यंत मनावर घेतलं नव्हतं. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, याचा मला कोण अभिमान! शेडमधल्या कॅननवाल्या सोबत्याला मी ऐकवायचो, तुमच्या कंपनीने 1987 मध्ये जुना माउंट टाकून दिला, लोकांच्या लेन्स रातोरात निकामी झाल्या. तेव्हा ते खरंच होतं. पण कॅननने त्या वेळी प्रत्येक लेन्समध्ये मोटर घातली आणि कॅमेऱ्याशी बोलणं फक्त विजेच्या संपर्कांवर ठेवलं. त्यामुळे 1987 ची ईएफ लेन्स आज अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर फोकससकट चालते. आमच्या कंपनीने जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळलं, आणि आता सांभाळलेलंच गिऱ्हाईक अडलंय. सोबती हे मला तोंडावर म्हणत नाही. भला माणूस आहे.

तर त्या दिवसाचं सांगतो. तुम्ही म्हणता तेच करायला मी मुंबईला गेलो होतो.

रेल्वेचा पास होताच. रात्रीची गाडी धरली, तिन्ही लेन्स टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत. फोर्टात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरलो. नाव सांगत नाही, त्याने त्याचा धंदा केला. काउंटरवरचा पोरगा माझ्या मुलाएवढा असेल. मी लेन्स काचेवर मांडल्या. 80-200 ठेवताना काच जरा कुरकुरली. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, लेन्स उचलून एका बाजूने प्रकाश टाकला आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला.

"अंकल, ब्लेडवर तेल आहे."

मी म्हटलं, चालतं ना पण. तो म्हणाला, चालतंय, आत्ता चालतंय. कुठून आलात? भुसावळ म्हटल्यावर त्याने मान डोलावली, जणू रोगाचं कारण सापडलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत लेन्स असेल तर आतलं ग्रीस पातळ होऊन सुटतं आणि अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला वेगळं लागलं. मग 105 उचलली. आत कडेला बुरशीचा एक धागा होता, कोळ्याच्या जाळ्यातला असावा तसा. तो मी आजवर पाहिला नव्हता. केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात काय ओल असते हे त्याला सांगायला लागलो, पण तो आतल्या माणसाला हाक मारत होता.

आतल्या माणसाने लेन्सकडे न बघताच आकडा सांगितला. तिन्हींचा मिळून. तेवढ्यात अडॅप्टर आला असता, बॉडी नाही. मी म्हटलं, या एकट्या 80-200 ला मी किती मोजलेत माहीत आहे का? तो म्हणाला, "अंकल, आपने कितना दिया वो लेन्स को थोडी मालूम है." आणि पोराला, "रख दे बाजू में, शोकेस में लगा देंगे."

यात शिवी नव्हती. आवाजही चढलेला नव्हता. पण कानशिलं तापली. तीन पिढ्यांच्या लग्नात, कानबाई देवीच्या जागरणात, गावातल्या वांग्याच्या भरताच्या पार्टीत पऱ्हाटीच्या धुरात जी लेन्स फिरली, ती म्हणे शोकेसमध्ये लावणार.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्याला ती आवडते. पुढची सांगत नव्हतो.

त्या पोराला माझी दया आली असावी. त्याने काउंटरखालून झेड 5 काढला, अडॅप्टर लावला, त्यावर माझी 80-200 चढवली आणि माझ्या हातात दिला. "देखो तो सही." दांडी नाही, खर्र नाही, लेन्स मुकी. मी डोळा लावला आणि रिंग फिरवायला लागलो. रस्त्यापलीकडे एक म्हातारा पाववाला बसला होता. त्याच्या चष्म्याच्या कडेवर लाल रेघ उमटली. जिथे फोकस बसतो तिथे कडा रंगतात, ते फोकस पीकिंग. मग पोराने एक बटण दाबून चित्र मोठं केलं. पाववाल्याच्या पापण्या दिसल्या. मला चाळिशी लागून वर्षं झाली, डी 80 च्या मिचमिच्या व्ह्यूफाइंडरमधून हाताने फोकस करणं मी कधीच सोडून दिलं होतं. बॉडीत स्थिरीकरण असल्यामुळे चित्र हातात थरथरतही नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्याच लेन्समधून मी एवढं स्वच्छ बघितलं नव्हतं.

मी कॅमेरा परत दिला. लेन्स टॉवेलमध्ये गुंडाळल्या. पोरगा म्हणाला, ईएमआय होऊन जाईल अंकल. मी जिना उतरलो.

घरी सांगितलं, भाव पटला नाही. ते खोटं नव्हतं.

मग डी 7200. धुळ्याचा एक लग्नाचा फोटोग्राफर मिररलेसवर गेला, कारण आता लग्नात फोटोपेक्षा व्हिडिओ जास्त मागतात. त्याची बॉडी पडून होती. तीस हजारांच्या आत सौदा झाला. 2015 चं मॉडेल, 24 मेगापिक्सेल, दोन कार्डं, आणि मुख्य म्हणजे ती दांडी. पुढचा डी 7500 दोन वर्षांनी नवा, त्यातही मोटर आहे, मग तो का नाही? कारण त्यातून जुन्या लेन्सची अॅपर्चर रिंग वाचणारी खिट्टी काढून टाकली. माझ्या 105 वर त्याचा मीटर चालत नाही. डी 7200 मध्ये लेन्सचा आकडा मेन्यूत भरला की चालतो. मोठ्या सेन्सरचा डी 750 बजेटच्या बाहेर होता. जुनी बॉडी घेताना काय बघायचं तेही विचारता, तर थोडक्यात: एक फोटो काढून फाइलमधून शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, काढा, एफ 16 वर आभाळाचा फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग बघा, आणि दांडीवाली लेन्स स्वतःची घेऊन जा. विकणाऱ्याकडे ती बहुधा नसते.

फरक पडला का? श्रावणात सासुरवाडीला, अमळनेरला, कानबाई बसते. नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण, उजेड काय तर समया आणि लायटिंगची एक माळ. डी 80 वर आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) 1600 ला कानबाईच्या मागची सगळी सावली निळ्या-लाल ठिपक्यांनी भरून जायची. यंदा तीच 50 ची लेन्स, आयएसओ 3200, आणि नथीतले मोती मोजता येतात. सोमवारी बोरी नदीकडे निघताना डोक्यावर कानबाई घेतलेल्या मामेसासूबाईंचा फोटो 80-200 ने काढला. तो त्यांनी फ्रेम करून लावलाय. दुकानातल्या त्या आतल्या माणसाला दाखवावासा वाटला होता, आता नाही वाटत.

पण फोटो मोठा करून बघा. फोकस डोळ्यावर नाही, पदराच्या काठावर आहे. दांडी जरा उशिरा थांबली. झेड 5 वर हा फोटो डोळ्यावर बसला असता, हे मला माहीत आहे आणि हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

मी पूर्वी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचो: इंजिन बदललं म्हणून डबे भंगारात काढतात का? लोको शेडमधल्या माणसाला शोभणारं वाक्य. टाळ्या पडायच्या. मग 2020 च्या टाळेबंदीत पाचोरा-जामनेरची आपली नॅरोगेज गाडी, पीजे, बंद झाली, ती परत सुरू झालीच नाही. मार्ग ब्रॉडगेज करायचा ठरला. डब्यांना काय धाड भरली होती? पण रूळच रुंद होणार म्हटल्यावर डबे कितीही धडधाकट असोत, 762 मिलिमीटर गेजचं चाक त्यावर चढणार नाही. माउंट बदलणं म्हणजे गेज बदलणं. हे मला भाच्याने नाही सुनावलं, मीच मला सुनावलं, आणि त्यावर माझं उत्तर एवढंच की कॅमेऱ्यात निदान अडॅप्टर असतो. एफ माउंटपासून सेन्सरपर्यंत 46.5 मिलिमीटर, झेडमध्ये 16, मधल्या साडेतीस मिलिमीटरमध्ये तो बसतो. हे उत्तर बरोबर आहे. पुरेसं आहे की नाही, रोज वेगळं वाटतं.

आणि एक अडचण तुम्ही कोणी विचारलीच नाही. डी 7200 च्या लहान सेन्सरवर माझी 50 ची लेन्स 75 सारखी दिसते. घरातल्या गर्दीत मागे सरकायला भिंत आडवी येते. वाइड लेन्स हवीच आहे. रेल्वेचा दिवाळीचा 78 दिवसांचा बोनस 17,951 रुपयांवर थांबतो, त्यात सेकंडहँड एफ माउंटची जमेल. ती दांडीवाली घेतली तर या घराण्यात आणखी रुतलो. एएफ-एस घेतली तर उद्या अडॅप्टरवर फोकससकट चालेल. म्हणजे झेड घ्यायची तयारी मी आजच चालवली आहे, असा बायकोचा आरोप आहे. तिला मी अजून नाही म्हटलेलं नाही.