समोरची खुर्ची

होई आन, व्हिएतनाम, बुधवार, रात्र

आज संध्याकाळी बाख डांग रस्त्यावरच्या एका कॅफेत बसले असताना माझ्यासमोरची रिकामी खुर्ची तिथल्या मुलीने उचलून शेजारच्या कोरियन घोळक्याला दिली. तिने आधी खुणेने विचारले होते आणि मी मान हलवून होकारही दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरीही तेव्हापासून मनाला काहीतरी लागून राहिले आहे, आणि ते नेमके काय, हे कळावे म्हणून डोळ्यांवर झोप असूनही लिहायला बसले आहे.

सुलभा आणि बाकीची मंडळी बा ना हिल्सचा तो दगडी भासणाऱ्या हातांनी तोलून धरलेला पूल पाहून इतकी दमून आली होती, की जेवून खोल्यांत गेली ती गेलीच. मला एकटीने बाहेर पडायचेच होते. एखाद्या गावात रात्री कोणाच्या घड्याळाकडे न पाहता भटकावे, असे मी किती वर्षे म्हणत आले, आणि त्यासाठी होई आनसारखे सोयीचे गाव शोधून सापडायचे नाही. संध्याकाळी जुन्या वस्तीत वाहनांना बंदी असते, पिवळ्या भिंतींच्या घरांवर रेशमी कंदील लागतात आणि नदीतल्या होड्याही कंदील मिरवत फिरतात. असे सगळे मनासारखे असताना एक वेताची खुर्ची गेल्याचे वाईट का वाटावे?

रिकामी खुर्ची समोर असते तोवर कोणीतरी येणार आहे, असे पाहणाऱ्याला वाटू शकते. ती गेली की एकटेपण चारचौघांत जाहीर होते. म्हणजे मला दुःख एकटेपणाचे नसून ते दिसण्याचे होते, असे म्हणावे लागेल. पण तेवढेच असते, तर उठून चालायला लागल्यावर ते संपायला हवे होते. कदाचित पाहणाऱ्याला नव्हे, मलाच कोणीतरी येईलसे वाटत होते. पेल्यावर ठेवलेल्या फिनमधून, म्हणजे इथल्या धातूच्या गाळणीतून, कॉफी थेंबथेंब गळत होती आणि खालच्या घट्ट गोड दुधावर तिचा काळा थर चढत होता. ही कॉफी घाईने होत नाही, त्यामुळे उठून जाण्याचीही सोय नव्हती. रोबस्टाचा तो कडकपणा ह्यांना नक्की आवडला असता. नीलचा मेसेजही तेव्हाच आला, पण तो विषय आज नको.

मग पूल ओलांडून नदीपलीकडच्या आन होई नावाच्या वस्तीत गेले. तिथे बारमधली गाणी एकमेकांच्या अंगावर धावून येत होती आणि रात्रबाजारात कंदिलांच्या दुकानांसमोर फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती. बाजाराच्या टोकाला एक बाई मुगाचे आणि नारळाच्या दुधाचे गोड 'चे' विकत होती. मला पाहताच तिने प्लास्टिकच्या स्टुलांच्या चळतीतून एक स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवले. त्या चौरंगाएवढ्या स्टुलावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्यावर मला हसू आले, कारण इथे माणसे पाहून बैठका काढतात आणि रिकामी खुर्ची हा प्रकारच उद्भवत नाही. तिला दिलेल्या 20,000 डोंगच्या नोटेवर इथलाच जपानी पूल छापलेला होता. तो 2024 साली डागडुजीनंतर खुला झाला, तेव्हा फार नवा दिसतो म्हणून लोकांनी नाके मुरडली होती. ह्या वयात नवे दिसल्याबद्दल नाके मुरडली जाण्याचा अनुभव मलाही आहे, विशेषतः सुलभाकडून.

परतताना होडीचा दर विचारला. एक ते तीन माणसांना तो सारखाच, दीड लाख डोंग. म्हणजे एकटी बसले तर तिघांचे पैसे मोजायचे. उद्या सुलभाला विचारून पाहीन. ती आली तर पैसे वाटून घेऊ, नाही आली तर मधोमध बसेन. एका कडेला बसले तर होडी कलेल.