तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकणे शिकता येते का?

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि आता नव्याने पर्यवेक्षक झालेल्या मुलामुलींशी बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावले जाते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, माणसांचे नीट ऐकले की कामावरचे संबंध सुधारतात, हे पटते, पण ऐकणे शिकता येते का, की ते मुळात स्वभावातच असावे लागते?" चहाच्या सुट्टीत या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेता येते, परंतु त्यातून विचारणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

शिकता येते, हे माझे उत्तर आहे. मात्र बहुतेकांना ते नको त्या बाजूने शिकवले जाते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, मधूनमधून मान डोलवावी, मोबाइल पालथा ठेवावा, मध्येच तोंड घालू नये, असे ते धडे असतात. त्यांत गैर काही नाही. पण हे सगळे यथासांग पार पाडूनही माणूस मनातल्या मनात आपल्या उत्तराची जुळवाजुळव करत बसू शकतो आणि बोलणाऱ्याला ते बरोबर कळते. आपले ऐकले गेले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे आहे. पर्यवेक्षकाने "मी ऐकले" असे म्हटल्याने ते सिद्ध होत नाही.

उत्तराची ही जुळवाजुळव कुणाचा दुर्गुण नव्हे. जगातल्या दहा भाषांमधील प्रश्नोत्तरांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर सरासरीने सुमारे 200 मिलिसेकंद असल्याचे त्यात आढळले. समोर दिसणाऱ्या वस्तूचे नाव उच्चारायचे म्हटले तरी मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. याचा सरळ अर्थ असा की, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण आपले वाक्य रचायला घेतलेले असते. त्यामुळे "मन रिकामे ठेवून ऐका" हा उपदेश मला तितकासा उपयोगाचा वाटत नाही. मन रिकामे राहणार नाही, हे गृहीत धरून उपाय शोधावा लागतो.

असा उपाय कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1952 सालच्या एका लेखात सुचवला होता आणि त्याहून सोपा उपाय मला आजवर सापडलेला नाही. वाद रंगात आला की थांबावे आणि एक नियम घालावा: आधीच्या माणसाचे म्हणणे, त्यामागच्या भावनेसह, त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगितल्याशिवाय कुणीही आपले म्हणणे मांडायचे नाही. समाधान त्याचे व्हायला हवे, आपले नव्हे; नियमाचा सगळा जोर या अटीवर आहे. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात जड जाते, कारण दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडायचे तर काही क्षण तरी त्याच्या जागी उभे राहावे लागते.

कारखान्यात हे कसे घडते, ते सांगते. दुपारी पाळी बदलताना पॅकिंग विभागात एक ऑपरेटर पुढच्या पाळीच्या पर्यवेक्षकाला म्हणतो, "ब्लिस्टर मशीन आवाज करता." (म्हणजे गोळ्या पाकिटांत सीलबंद करणारे यंत्र.) पर्यवेक्षक "बरें, पळयतां" (बरं, बघतो) असे म्हणून सही करतो आणि संवाद संपतो. याच जागी दुसरी एक पर्यवेक्षक मुलगी थांबून म्हणाली, "म्हणजे सीलिंगच्या बाजूने आवाज येतो आणि स्पीड वाढवल्यावर येतो, असेच ना?" त्यावर तो लगेच उत्तरला, "न्हय बाय, स्पीड कमी केल्यार येता." तिचा अंदाज चुकला होता, पण ती तो बोलून दाखवू शकली म्हणूनच तो दुरुस्त झाला आणि मेकॅनिकला योग्य माहिती मिळाली. तो ऑपरेटर पुढे प्रत्येक बारीकसारीक गोष्ट आधी तिला येऊन सांगू लागला, याचे मला मुळीच नवल वाटले नाही. आपल्या वसाहतीपासून जवळच असलेल्या दाबोळी विमानतळावर उतरणारा प्रत्येक वैमानिक नियंत्रकाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो आणि त्यात कुणालाही आपला अपमान झाल्यासारखे वाटत नाही, कारखान्यात मात्र "तू हेच म्हणालास ना?" असे विचारणे अनेक साहेबांना कमीपणाचे वाटते.

तक्रारींच्या बाबतीत ही पद्धत आणखी कामाला येते, कारण बोललेली तक्रार आणि खरी अडचण बहुधा एकमेकींना चिकटून असल्या तरी एक नसतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारत होते, परंतु कामगार वारंवार वेगळ्याच विषयाकडे वळत. तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवून त्यांना हवे ते बोलू देण्याची पद्धत स्वीकारली गेली. आमच्याकडे सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका पॅकरने "मला दुसरी पाळी नको" असा धोशा लावला होता. "पाळी सगळ्यांनाच करावी लागते" हे ठरलेले उत्तर तिला आधी मिळाले होतेच. "पाळी नको म्हणजे काम जड होते, की वेळ अडचणीची आहे?" असे विचारल्यावर ती म्हणाली की काम तर दुसऱ्या पाळीतच हलके असते, रात्री कंपनीची बस तिठ्यावर सोडते आणि तिथून वाड्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. बस पुढच्या वळणापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली आणि पाळीचा प्रश्न तिथेच मिटला. प्रत्येक तक्रारीमागे असे काही दडलेलेच असते, असा मात्र समज करून घेऊ नये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, रजा हवी म्हणणाऱ्याला खरोखरच चवथीला रजा हवी असते आणि त्याच्या अंतरंगात शिरण्यापेक्षा रजेचा तक्ता महिनाभर आधी लावलेला बरा.

गोव्यातील कामाच्या ठिकाणी भाषेचा गुंता वेगळाच असतो. ऑपरेटर कोंकणीत सांगतो, ओडिशाहून आलेला मदतनीस मोडक्या हिंदीत सांगतो, पर्यवेक्षक मनात मराठीत विचार करतो आणि नोंद मात्र इंग्रजीत होते. या प्रवासात तपशील गळतात आणि बोलणाऱ्याचा स्वर तर पूर्णच हरवतो. म्हणून नोंद करण्याआधी, समोरच्याला कळेल अशा भाषेत, आपण काय लिहिणार आहोत ते त्याला सांगावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात मुरलेला पेटीवाला गायकाच्या किंचित मागून चालतो. पुढची जागा ठाऊक असली तरी ती आधी वाजवून टाकत नाही. पर्यवेक्षकाने तेवढे मागे राहायला शिकावे, एवढेच मी सुचवते. अनुभवी माणसाला ते जास्त कठीण जाते, कारण समोरचा काय बोलणार हे त्याला दहापैकी आठ वेळा खरोखरच माहीत असते.

केवळ ऐकून भागत नाही, अशीही एक जागा आहे. एखादी सहकारी लैंगिक छळाबद्दल सांगू लागली तर शांतपणे ऐकावे, पण "ही गोष्ट माझ्यापाशीच राहील" असे वचन देऊन तिला परत पाठवू नये. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि तिला ती लिहिता येत नसेल तर समितीने साहाय्य करायचे असते. ही माहिती तिला त्याच बैठकीत द्यावी. समितीकडे जायचे की नाही, ते तिला ठरवू द्यावे.

यानंतर बहुधा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारते, "आणि आमचे साहेबच ऐकत नसले तर?" अशा वेळी साहेबांना ऐकण्याचे धडे द्यायला जाऊ नये, तोच नियम उलट्या बाजूने वापरावा. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी दोन-तीन ओळींची मेल पाठवावी: "आपल्या बोलण्यातून मला असे समजले की शनिवारपर्यंत हा लॉट पूर्ण करायचा आहे आणि त्यासाठी दोन जादा माणसे मिळणार आहेत, यात काही चुकले असल्यास कळवावे." दोन जादा माणसांचे आपण कबूल केले होते का, हे साहेबांना तेव्हा आठवून पाहावेच लागते.