कोजागिरीची शेगडी पेटवताना

यंदा आमच्या सोसायटीत ठरलं, कोजागिरीचं दूध घरोघरी गॅसवर न आटवता गच्चीवर, कोळशाच्या शेगडीवर आटवायचं. शेगडी पेटवण्याचं काम मी मागून घेतलं. माझी सगळी नोकरी रंगांच्या कारखान्यात, सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवांच्या, गोदामात गेली. गच्चीवर लहान मुलं धावत असणार, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणावर सोपवून मला खाली स्वस्थ बसवलं नसतं.

कोळसा वखारीतून आणला. घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. नीट भाजलेला कोळसा खणकन वाजतो, कच्चा राहिलेला बद्द वाजतो आणि पेटला की डोळ्यांत पाणी आणतो. लाकूड हवेशिवाय तापवलं की त्यातलं पाणी, मिथेनॉल, असेटिक आम्ल, डांबर असं बरंच काही निघून जातं आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. कच्च्या कोळशात त्यातलं काही शिल्लक असतं, त्याचाच तो धूर. परतीच्या पावसात गोणीने ओल धरली होती, म्हणून कोळसा उन्हात पसरला. सच्छिद्र असल्यामुळे तो हवेतली ओलही शोषतो, आणि ती उडून जाईपर्यंत आच पाण्यावरच खर्च होते. चुरा चाळून काढला. चुरा तळाशी बसला की खालून हवा येत नाही.

संध्याकाळी गच्चीवर मंडळी जमली आणि ज्याची मला धास्ती होती तेच झालं. "काका, गाडीतून जरासं पेट्रोल काढू का? एका काडीत पेटेल," असं एका मुलाने विचारलं. दुसऱ्याला जिन्याच्या रंगकामातून उरलेला थिनरचा डबा आठवला. दोघांचा हेतू चांगलाच होता. मी त्यांना जवळ बसवलं आणि कोळसा भरता भरता सांगत गेलो.

पेटतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. कुठल्याही द्रवाची ठिणगीने भडकण्याइतकी वाफ ज्या तापमानाला हवेत मिसळू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो सुमारे उणे ४० अंश सेल्सियस. म्हणजे पुण्यातल्या ऑक्टोबरमध्येच काय, लडाखच्या थंडीतही उघडी बाटली वाफ सोडतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी पार पलीकडच्या समईचीही असू शकते. थिनरमध्ये बहुधा टोल्युईन, असिटोन अशी द्रव्यं असतात. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, असिटोनचा उणे २०. सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही नेहमीच्या तापमानाला भडकतं, आणि त्याची फिकट निळी ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही.

रॉकेलचं वेगळं. त्याच्या कार्बनच्या साखळ्या लांब, त्यामुळे वाफ सावकाश होते आणि फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर जातो. आपल्या १९३४च्या पेट्रोलियम कायद्यातही ही विभागणी आहे: २३ अंशांखालचे द्रव 'अ' वर्गात, तिथपासून ६५पर्यंतचे 'ब' वर्गात. पेट्रोल पहिल्यात, रॉकेल आणि डिझेल दुसऱ्यात. आमच्या गोदामात पिंपांच्या जागा याच आकड्यांवरून ठरायच्या. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना दोन्हींना तार जोडून अर्थिंग द्यायचं, कारण ओतताना तयार होणाऱ्या स्थिर विजेची ठिणगीसुद्धा चालत नाही.

तरी दुधाच्या शेगडीला मी रॉकेलही लावत नाही. ते कोळशाच्या छिद्रांत मुरतं, अर्धवट जळत राहतं, आणि त्याचा वास दुधातली साय धरून ठेवते. वास एकदा लागला की वेलची-केशराने जात नाही.

पण मला सगळ्यात जीव तोडून सांगायचं होतं ते याच्या पुढचं. द्रव ओतून काडी लावली की मोठा जाळ होतो आणि मिनिटभरात विझतो, कारण जळतो तो द्रव. कोळसा काळाच दिसतो. माणसाला वाटतं, विझलं, आणखी थोडं ओतावं. आत मात्र एखादा कोपरा लाल झालेला असतो. त्यावर धार पडली की तिची क्षणात वाफ होते, वाफ भडकते आणि ज्वाळा धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत चढते. चेहरा, छाती आणि हात भाजण्याचे अपघात असे होतात. पेटवलेल्या शेगडीवर, ती विझल्यासारखी दिसली तरी, काहीही ओतायचं नाही. हे त्या दोघांकडून मी वदवून घेतलं.

कोळशाला लागतो धीर, आणि खालून वर जाणारी हवा. गोड्या तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा मी आधीच तयार ठेवला होता. दोन्ही तोंडं कापलेली, खालच्या कडेला भोकं पाडलेली, तळापासून चार बोटं वर लोखंडी जाळी. डब्यावरचा छपाईचा रंग जळून जावा म्हणून तो एकदा नुसताच जाळून काढला होता. डबा तीन विटांवर ठेवला. जाळीखाली नारळाच्या शेंड्या, करवंटीचे तुकडे, खाद्यतेलात भिजवलेल्या कापसाच्या जाड वाती आणि कापराच्या चार वड्या, जाळीवर कोळसा. खाद्यतेल नेहमीच्या तापमानाला भडकत नाही, ते वातीवर शांतपणे जळत राहतं. करवंट्या दिल्या त्या मालवणच्या आजींनी. त्यांच्याकडे चूल अजून अशीच पेटते.

काडी लावली आणि मागे सरलो. गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, पंख्याने वारा घालावा लागत नाही. आधी पांढरा धूर येतो, मग तो विरळ होतो, मग वरच्या कोळशांवर निळसर ज्योती नाचायला लागतात. कडांवर राख दिसू लागली, तेव्हा चामडी हातमोजे घालून सांडशीने डबा उचलला आणि निखारे शेगडीत ओतले. पातेलं चढलं, आणि त्यानंतर फक्त ढवळणं.

त्या निळ्या ज्योती कार्बन मोनॉक्साइडच्या. लाल कोळशातून वर येणारा कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कार्बनशी भिडला की मोनॉक्साइड तयार होतो. वर पुरेशी हवा मिळाली तर तो जळतो, नाही तर तसाच पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. म्हणून वारा सुटल्यावर कुणी म्हणालं, "शेगडी टाकीखालच्या खोलीत घेऊ या," तेव्हा मी ठाम नाही म्हणालो. आडोशाला पत्रा धरला. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत थंडीत दारं लावून शेगडी पेटवणाऱ्यांचा जीव घेते. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी करणाऱ्या घरांनाही मी हेच सांगतो: निखारा खोलीबाहेर ठेवा, शेक गरम कपड्याने किंवा पाण्याच्या पिशवीने द्या.

दूध वाटून झाल्यावर उरलेले निखारे जुन्या लोखंडी पातेल्यात काढून घट्ट झाकण घातलं आणि वर वीट ठेवली. हवा तुटली की ते आपोआप विझतात आणि पुढच्या वेळी कामाला येतात. राखेवर मात्र पाणी शिंपडून ती ढवळली, पुन्हा शिंपडलं, आणि सकाळी तळाशी हात जवळ नेऊन ऊब नाही याची खात्री केल्यावरच ती कुंड्यांत घातली.