सोस, सोसणं आणि ‘थोल’

दोन स्वेटर चढवून लिहितेय. गुरुवारी आमचा बॉयलर बंद पडला. ग्लासगोत जानेवारी, बाहेर शून्य, घरात नऊ. घर भाड्याने देणाऱ्यांनी ‘मेकॅनिक सोमवारी’ एवढं सांगून फोन ठेवला. जिन्यात खालच्या मजल्यावरची आजी भेटली. माझं रडगाणं ऐकून तिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि म्हणाली, "यिल जस्ट हे टे थोल इट, हेन." (म्हणजे ‘यू विल जस्ट हॅव टू थोल इट’. हेन म्हणजे कोंबडी. इथे बायकांना लाडाने असंच म्हणतात, रागवायचं नाही.)

हा ‘थोल’ कधी कानावरून गेला नव्हता. ऑफिसातल्या लंडनवाल्यालाही ठाऊक नव्हता. म्हणाला, टॉलरेटच असेल. नाही हो! इथे मी हटून बसले. टॉलरेट करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. मनात आणलं तर थांबवेल, तूर्त खपवून घेतोय. एंड्युअरच्या पोटात लॅटिनमधलं ‘कठीण होणं’ आहे, म्हणजे आपलं तग धरणं; शेवटी शाबासकीची वाट बघणारं. सफर म्हणजे नुसतं भोगणं. थोलमध्ये पर्याय नाही, शौर्यही नाही, कुरकुर मात्र चालते. म्हणजे सोसणं. तंतोतंत सोसणं! स्कॉटलंडच्या कायद्यातही तो ठाण मांडून आहे: एकदा खटला ‘थोल’ केलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, असा जुना दंडक (2011च्या कायद्याने अपवाद घातलेत).

गंमत म्हणजे थोल आणि टॉलरेट एकाच धातूचे, उचलण्या-पेलण्याच्या. आपली संस्कृत ‘तुला’ही त्याच घरातली. भावांपैकी एक साहेब झाला, एक गावातच राहिला, आणि बहीण आपल्याकडे वजनकाट्यावर बसली.

आता नागपूरच्या महाल भागातले वाचक हसतील. नवतपात 46 डिग्री, कूलरची मोटर जळालेली आणि वाळ्याच्या ताट्यांवर मग्ग्याने पाणी मारणारी आई, हे बघत वाढलेली मुलगी बॉयलरसाठी रडते! पण नागपूरचं ऊन सगळ्या गल्लीला एकदमच सोसावं लागतं. शेजारची काकू दारातून ‘काय तापून राहिलं बाप्पा’ म्हणते आणि निम्मं ऊन तिथेच उतरतं. बॉयलर एकट्याचा बंद पडतो. वरच्या घरात हीटिंग सुरू असल्याचं पाइपच्या आवाजावरून कळत राहतं. हे मी उगाच बाजू सावरायला म्हणत नाहीये. थोडं म्हणतेय.

रात्री आईचा फोन. "काय करून राहिली?"

"थंडी सोसून राहिली."

"परदेशाचा सोस तुलाच होता ना बाप्पा? मग सोस."

घ्या. एकाच शब्दात हव्यासही आणि त्याची भरपाईही. हे खालच्या आजीला कसं समजावणार?

मी विषय बदलला. कूलरला नवी मोटर बसवली का, विचारलं. पैसे मी दिवाळीतच पाठवले होते.